एका मशीनवर तीन ॲपं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा मेसेज वाचला आणि फोनच करणार होतो. पण या गोष्टी फोनवर सांगितल्या की हवेत विरतात, म्हणून सवडीने लिहायला बसलोय. एकाच मशीनवर तीन मोबाइल ॲपं सांभाळताना नव्या ॲपसाठी काही इन्स्टॉल केलं की जुन्याचं बिल्ड (कोडमधून ॲप तयार करायचं काम) तुटतं, जुनं मार्गी लावलं की फ्लटरवालं (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी बनणारं) रुसतं, असं तू लिहिलंस. वाचून जीव कळवळला, कारण या फेऱ्यात मीही अडकलो होतो.

मला कळलेलं मूळ एवढंच आहे: कोणत्या प्रोजेक्टला कोणत्या टूलची कोणती आवृत्ती लागते, हे तू डोक्यात ठेवलंयस. ते प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये लिहिलेलं हवं, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) कमिट केलेलं, म्हणजे नोंदवलेलं हवं. एकदा ते झालं की बाकीचं काम टर्मिनल करतं.

अँड्रॉइडपासून सुरू करतो, कारण तिथे तू उगाच जास्त घाबरलायस. प्रत्येक ॲपसाठी वेगळा एसडीके (ॲप बनवायला लागणाऱ्या साधनांचा संच) फोल्डर करायची काही गरज नाही. एकाच फोल्डरमध्ये प्लॅटफॉर्म ३३, ३४, ३५ (अँड्रॉइडच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या फाइली) शेजारी शेजारी सुखाने नांदतात, बिल्ड-टूल्सचंही तसंच. कोणता प्लॅटफॉर्म उचलायचा ते ग्रॅडलच्या (अँड्रॉइड ॲपचं बिल्ड करणाऱ्या टूलच्या) फाइलमधलं कम्पाइल-एसडीके हे सेटिंग ठरवतं. तू फक्त अँड्रॉइड_होम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (एसडीके कुठे आहे ते टूल्सना सांगणारं सेटिंग) नीट लाव आणि लागतील ती पॅकेजेस एसडीकेमॅनेजर या कमांडने आणून ठेव.

त्यात दोन खाचखळगे आहेत. एसडीकेमॅनेजर ज्यात येतो ती कमांड-लाइन टूल्सची झिप उघडलीस की आतला सगळा माल सीएमडीलाइन-टूल्स फोल्डरमध्ये अजून एक ‘लेटेस्ट’ नावाचा फोल्डर करून त्यात ठेवायचा. नाहीतर एसडीकेमॅनेजर सुरू होतानाच एसडीकेचा रूट सापडत नाही म्हणून बसून राहतो. दुसरा खड्डा अर्धविरामाचा. पॅकेजचं नाव असं असतं: प्लॅटफॉर्म्स;अँड्रॉइड-३४. हे अवतरणचिन्हांशिवाय टाइप केलंस तर शेल (टर्मिनलमध्ये आपली कमांड वाचणारा प्रोग्राम) त्या अर्धविरामापाशी कमांड तोडतो. आधी नुसतं ‘प्लॅटफॉर्म्स’ इन्स्टॉल करायला जातो, ते पॅकेज मिळत नाही, आणि मग ‘अँड्रॉइड-३४’ नावाची कमांड शोधतो. स्क्रीनवर ‘कमांड नॉट फाउंड’ येतं आणि माणूस पाथ (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी) तपासत बसतो. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे. नावाभोवती अवतरणचिन्हं टाक, बस्स.

आता खरं दुखणं. तुझं जुनं ॲप तुटतंय ते माझ्या अंदाजाने जावामुळे, कारण ग्रॅडल जावावर चालतं. अँड्रॉइडचं ग्रॅडल प्लगइन आठव्या आवृत्तीपासून जावा १७ मागतं, आणि ग्रॅडल ७.३ च्या आधीचं असेल तर ते जावा १७ वर चालतच नाही. म्हणजे नव्या ॲपसाठी तू जावा बदललास आणि जुनं गेलं. तू पाठवलेल्या एररमध्ये ‘मेजर व्हर्जन ६१’ असं दिसतंय ना? त्या आकड्यातून ४४ वजा कर, जावाची आवृत्ती मिळते. ६१ म्हणजे १७, ५५ म्हणजे ११, ५२ म्हणजे ८. हे गणित कळल्यापासून तो एरर मला कधी भीतिदायक वाटला नाही. आणि अँड्रॉइड स्टुडिओत चालतं पण टर्मिनलवर चालत नाही, हे कोडंही इथेच सुटतं: स्टुडिओ आपल्यासोबत स्वतःचा जावा घेऊन येतो, टर्मिनल मात्र जावा_होम बघतं.

यासाठी मी एसडीकेमॅन हे जावाच्या आवृत्त्या बदलणारं टूल वापरतो. (नाव सारखं असलं तरी अँड्रॉइडच्या एसडीकेमॅनेजरशी याचा काही संबंध नाही.) प्रोजेक्टमध्ये डॉट एसडीकेमॅनआरसी नावाची छोटी फाइल, तिच्यात जावाची आवृत्ती एका ओळीत. फोल्डरमध्ये गेल्यावर ‘एसडीके एन्व्ह’ म्हटलं की त्या टर्मिनलपुरता जावा बदलतो. सेटिंगमध्ये ऑटो-एन्व्ह चालू केलंस तर तेही म्हणावं लागत नाही.

फ्लटरसाठी अगदी हेच तत्त्व, एफव्हीएम नावाच्या टूलने. आवृत्ती डॉट एफव्हीएमआरसी फाइलमध्ये राहते, ती कमिट कर. डॉट एफव्हीएम फोल्डर मात्र गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या गोष्टींच्या यादीत) टाक. नंतर नुसतं ‘फ्लटर’ न म्हणता ‘एफव्हीएम फ्लटर’ म्हणायची सवय लाव.

आयओएसचा, म्हणजे आयफोनच्या ॲपचा धडा मला महागात पडला. मशीनवर दोन एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं टूल) होते, एक नेहमीचा आणि एक बीटा, म्हणजे चाचणीचा. एका संध्याकाळी बीटा तपासायला मी सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) एक्सकोड-सिलेक्टने तो निवडला आणि तसाच झोपलो. सकाळी घाईत रिलीजचं बिल्ड काढलं, अपलोड केलं, आणि ते परत आलं, कारण बीटा एक्सकोडने केलेलं बिल्ड ॲप स्टोअरवर चालत नाही. रिलीज एक दिवस पुढे गेलं आणि टीमला तोंड दाखवताना फार वाईट वाटलं. एक्सकोड-सिलेक्ट अख्ख्या मशीनचं सेटिंग बदलतं, हे तेव्हा पुरतं कळलं. त्या दिवसापासून मी ते सहसा वापरत नाही. बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच डेव्हलपर_डिर हा व्हेरिएबल हव्या त्या एक्सकोडकडे वळवतो. तो तेवढ्या स्क्रिप्टपुरताच लागू होतो, सुडोही लागत नाही. आणि स्क्रिप्टची पहिली कमांड ‘एक्सकोडबिल्ड -व्हर्जन’. कोणत्या एक्सकोडने काम चाललंय ते लॉगमध्ये सगळ्यात वर दिसलंच पाहिजे, याबाबतीत मी हट्टी आहे.

डिस्क भरत आली असेल तर आधी एम्युलेटरच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आभासी अँड्रॉइड फोनच्या) जुन्या सिस्टम इमेजेस काढ, त्या खूप जागा खातात. आयफोनच्या बाजूला ‘एक्सकोडरन सिमसीटीएल डिलीट अनअव्हेलेबल’ म्हटलंस की निकामी झालेले सिम्युलेटर (आभासी आयफोन) निघून जातात.

आत्ता मात्र काहीही अनइन्स्टॉल करू नकोस. जुन्या ॲपच्या फोल्डरमध्ये जा, ‘जावा -व्हर्जन’ आणि ‘ग्रॅडलडब्ल्यू --व्हर्जन’ या दोन कमांड चालव आणि दोन्हींचं आउटपुट मला जसंच्या तसं पाठव. रात्री जागा असेन, तिथूनच पुढे जोडीने बघू.

तुझाच,
जुना मित्र