सही वाचता न आलेल्या वकीलताईंना

नमस्कार ताई,

हे पत्र असं चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की तुमचा पत्ता माझ्याकडे नाही आणि नावही नाही. टपालखात्यात ३४ वर्षं काढली. डॉक्टरांनी खरडलेले पत्ते वाचले, भिजलेल्या पाकिटांवरचे वाचले, पण तुमची सही काही केल्या लागत नाही. पहिलं अक्षर 'स' की 'म', यावरून घरात दोन तट पडलेत.

ओळख पटवून देतो. गेल्या हिवाळ्यात मंत्र्यांचा ताफा आमच्या भागातून जायचा होता, त्या दिवशी पोलीस चौकीतल्या लाकडी बाकावर माकडटोपी घालून बसलेला म्हातारा म्हणजे मी. तुम्ही कुणाच्या तरी चोरीला गेलेल्या मोबाइलच्या कामाला आला होतात. माझ्याशी तुमचा काही संबंध नव्हता.

आदल्या संध्याकाळी घरी पोलिसांची नोटीस आली होती. जुलै २०२४ पासून कायद्यांचे आकडे बदलले, तरी सगळे तिला अजून '१४९ची नोटीस'च म्हणतात. काही बरंवाईट झालं तर तुम्हालाच जबाबदार धरू, असा तिचा सूर. आमचं काय, तर पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोज सकाळी फिरणारे आम्ही आठ जण. सगळे पेन्शनर, दोघांचे गुडघे बदललेले. बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठी टेकडी फोडू नका, एवढं निवेदन मंत्र्यांच्या हातात द्यायचं ठरलं होतं. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. तेव्हापासून आम्हाला सवयच लागली, मोठा माणूस आला की रस्त्यात गाठायचं.

सकाळी पावणेनऊला हवालदार दारात. "दहा मिनिटं, काका. साहेबांना फक्त बोलायचंय." ती दहा मिनिटं दुपारचा एक वाजला तरी संपेनात. साहेब बंदोबस्तावर होते, ते येणारच नव्हते. मी विचारलं, मला अटक केलीय का? "छे हो काका, अटक कसली! बसा जरा." मग जाऊ का? "असं कसं जाता?"

बसल्या बसल्या फोन केले. पाच वर्षं दिवाळीला उटणं वाटणारे आमचे माजी नगरसेवक "बघतो" म्हणाले आणि फोन बंद करून बसले. सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची तीन चित्रं आली, चौथा निरोप पाण्याच्या टँकरचा होता. भाचा वकील आहे. तो म्हणाला, "मामा, म्हणतील तिथं सही करा आणि घरी या. या वयात कशाला हे उद्योग?" त्याचं एवढं शिक्षण आम्ही कौतुकानं पाहिलं होतं.

आणि मग तुम्ही. तुम्ही आवाज चढवला नाहीत, कलमं फेकली नाहीत. माझ्या शेजारी बसलात, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात विचारलंत, "काका, तुम्ही इथे किती वाजता आलात?"

पावणेनऊ, मी म्हणालो. वहीतला कागद फाडून माझ्या हातात पेन दिलंत. "तुमच्या अक्षरात लिहा." मी लिहिलं, 'आलो : सकाळी ८.४५.' खाली 'गेलो :' लिहायला लावलंत आणि पुढची जागा मोकळी सोडायला सांगितलीत. मी सही केली, शेजारी तुम्ही केलीत. मग ठाणे अंमलदाराला तितक्याच शांतपणे विचारलंत, "स्टेशन डायरीत यांची काय वेळ घातलीय?"

चौकीतली हवा बदलली, ताई. माझ्यासाठी चहा आला. सकाळपासून मी तिथे नव्हतोच, त्या कागदानंतर झालो. मी जन्मभर तारखेचा शिक्का मारत आलो. ज्या पाकिटावर शिक्का नाही ते कधी निघालं, कुठे अडलं, कुणालाच सांगता येत नाही. त्या बाकावर मी तसाच पडलेलो होतो.

घरी येऊन वाचत बसलो. अटकेच्या कागदावर वेळ आणि तारीख हवी, साक्षीदाराची सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच सांगून ठेवलंय. म्हणूनच अटक करत नाहीत, 'बसवून ठेवतात'. यात अमुक पक्ष वाईट, तमुक चांगला असं मी म्हणणार नाही. फेसबुकवरच्या मजकुरासाठी पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये धरलं तेव्हा राज्यात एक सरकार होतं. मे २०२५ मध्ये पोस्टवरूनच येरवड्यात टाकलेल्या पुण्याच्या विद्यार्थिनीला परीक्षा देता यावी म्हणून उच्च न्यायालयाला सोडवावं लागलं, तेव्हा दुसरं होतं. त्याच वर्षी जुलैत, 'बेकायदेशीर कृत्यं' करणाऱ्या संघटनांवर बंदी घालता यावी म्हणून आणलेलं जनसुरक्षा विधेयक राज्याच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्याआधी ते तपासणाऱ्या विधिमंडळाच्या समितीकडे हजारो सूचना-हरकती गेल्या होत्या. त्यातली एक माझी, अर्थात टपालानं. 'बेकायदेशीर कृत्य' म्हणजे काय ते नीट आखून द्या, एवढंच लिहिलं होतं. निवेदन घेऊन रस्त्याकडेला उभं राहणं त्यात बसतं का, हा माझा प्रश्न त्या बाकावर बसायच्या आधीचा आहे.

खाकीतही माणसं असतात, हेही लिहायला हवं. तिथल्या एका पोरसवदा शिपायानं स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी मला दिली होती. पण माझ्या तिथे असण्याची नोंद करायचं त्याच्या हातात नव्हतं. तुमच्याही हातात काय होतं म्हणा? वकीलपत्रसुद्धा नव्हतं.

पावणेदोनला ताफा गेल्याचं वायरलेसवर आलं आणि पाचच मिनिटांत "निघा काका" झालं. फाटकाबाहेर थांबून मी मोकळी जागा भरली : '१.५०.' तोवर तुम्ही निघून गेला होतात आणि तुमचं पेन माझ्या खिशात राहिलं.

शिवाजीनगर कोर्टात दोनदा येऊन गेलो. तिथे काळ्या कोटांच्या गर्दीत एका म्हाताऱ्यानं कुणाकुणाला अडवून विचारायचं? कँटीनवाल्याला कागद दाखवला, तो म्हणाला 'म' असावा. बायकोचा पक्ष त्यामुळे भलताच खूश आहे. पेन निळं आहे, टोपणाला दातांच्या खुणा आहेत. रिफिल संपत आली होती, नवी घातलीय. पुढच्या सोमवारी अकराला परत येतोय, मोठ्या फाटकाजवळ उभा राहीन. माकडटोपी असेलच.

आपला,
टेकडीवरचा पोस्टमास्तर