कॅरियर आला, मावशी

प्रिय मावशी,

हे पत्र नातीकडून मोठ्याने वाचून घ्या. मध्येच तुम्ही "पुरे गं" म्हणाल, पण तिने थांबायचं नाही.

आईच्या शोकसभेत दीड तास भाषणं झाली. "सिस्टरांनी आयुष्य लोकांसाठी वेचलं" हे वाक्य मी निदान सहा वेळा ऐकलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण तुम्ही मागच्या भिंतीला टेकून उभ्या होतात आणि तुमचं नाव एकानेही घेतलं नाही. मीसुद्धा नाही. माइक हातात आला तेव्हा माझा आवाजच फुटेना. ते राहिलेलं आज लिहिते आहे.

कागदोपत्री आई आरोग्यसेविका आणि तुम्ही 'अंशकालीन स्त्री परिचर'. (हा 'अंशकालीन' शब्द ज्याने कुणी शोधला, त्याने तुमच्यामागे एक दिवस चालून दाखवायला हवं होतं. पगार नाहीच, मानधन, तेही रखडलेलं.) सपाटीला 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ भागात 3,000 लोकांमागे, असं सरकारचं गणित. दोन वस्त्यांमधलं अंतर त्या गणितात धरत नाहीत. ते तुम्ही दोघी पायांनी मोजायच्या. रजिस्टर आईच्या काखेत, लसीचा कॅरियर बहुतेक वेळा तुमच्या खांद्यावर.

मला तो कॅरियर भरताना बघायला फार आवडायचं. फ्रीजरमधून काढलेले चार आइसपॅक लगेच आत घालायचे नाहीत, थोडा वेळ बाहेर ठेवायचे. मग तुम्ही एकेक उचलून कानाशी हलवायचात. आत पाणी डुचमळलं की म्हणायचात, "पाणी वाजलं. चला बाई." लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे, आणि दगडासारखा गोठलेला पॅक तसाच ठेवला तर त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) गोठून वाया जाते, हे तुम्हाला आईनेच शिकवलेलं. पण कान तुमचा. आई स्वतः सांगायची, "मला घाईत ऐकू येत नाही, मावशींना येतं."

आणि माहितीही तुमचीच. कुठली सून बाळंतपणाला माहेरी गेली, कुठलं कुटुंब ऊसतोडीला गेलंय आणि कधी परतणार, कोणाच्या घरी नऊ महिन्यांचं बाळ गोवराच्या लसीवाचून राहिलंय. रजिस्टरातलं अक्षर आईचं, पण त्यातली निम्मी नावं आधी तुमच्या तोंडून आलेली.

एक गोष्ट नातीला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. त्रिगुणीनंतर एका बाळाला रात्रभर ताप आला आणि पुढच्या महिन्यात त्या वस्तीने दारं लावून घेतली. आई समजावत राहिली. तिचं बोलणं बरोबर असायचं, पण जरा पुस्तकी. रागावलेल्या माणसांपुढे तर फारच. तुम्ही काही बोलला नाहीत. पुढच्या खेपेला घरचं लेकरू कडेवर घेऊन गेलात, ओट्यावर बसलात आणि सगळ्यांदेखत त्याच्या मांडीला सुई टोचून घेतलीत. रात्री तिथेच मुक्काम केलात. ताप आला, सकाळी उतरला, लेकरू अंगणात रांगायला लागलं. बायांनी ते डोळ्यांनी बघितलं. त्या दिवशी आईकडची त्रिगुणी कमी पडली.

ते लेकरू म्हणजे आत्ता हे पत्र वाचणारी.

पल्स पोलिओ 1995 साली सुरू झालं, तेव्हापासून तर रविवार हा वारच आमच्या घरातून गेला. बुथ झाला की घरोघर फिरायचं, करंगळीवरची शाई बघायची, सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर दारावर खडूने पी, कुणी राहिलं असेल तर एक्स लिहायचं. एक्सच्या घरी परत जायचं. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. टीव्हीवर बातमी बघताच आई म्हणाली, "मावशींना फोन लाव." तुम्ही पलीकडून विचारलंत, "मग बाई, आता दारांवरचे एक्स पुसायचे का?" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. फेऱ्या काही थांबल्या नाहीत, तो भाग वेगळा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

शेवटची दोन वर्षं आईला माणसं ओळखू येत नव्हती. मंगळवारी मात्र पहाटेपासून तिची उलघाल सुरू व्हायची. मंगळवार तुमचा लसीकरणाचा वार. "कॅरियर आला का? किती वाजले?" मी समजावायचे, आई, तू रिटायर झालीस. मग ती रडायची आणि मी चिडायचे. खरं सांगते, चिडायचे.

त्या मंगळवारी तुम्ही भेटायला आलात. तिने तुम्हालाही ओळखलं नाही. विचारलं तेच. तुम्ही उशाशी असलेली पाण्याची बाटली उचललीत, कानाशी धरून हलवलीत आणि म्हणालात, "आला बाई. पाणी वाजलं." आईने पदर सारखा केला आणि शांत बसली. जेवलीसुद्धा.

तुम्ही गेल्यानंतर दर मंगळवारी मी तेच केलं. शेवटच्या मंगळवारी तिला बोलता येत नव्हतं, नुसतं दाराकडे बघत होती. मी बाटली हलवली. तिने डोळे मिटले.

तुमची,
सिस्टरांची मुलगी