लळिंगची रविवारची धाव : उतारावर घसारा सांभाळा

मंडळी, रविवारी पहाटे ५.३० ला धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी जमायचं. हेडटॉर्च हवाच. ऑक्टोबरचं ऊन, त्यामुळे ९ च्या आत खाली. बेसाल्टचा काळा कातळ तापला की खालूनही आच मारतो. माणशी २ लिटर पाणी, सोबत मीठ-साखर. गडावरच्या टाक्यांतलं पाणी पिऊ नका.

खरी गोम उतरताना. घसारा म्हणजे कातळावरचे मुरमाचे बारीक खडे, ते पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. मागे रेलून टाच रोवली की पाय निसटलाच. पावलं आखूड, गुडघे सैल, पुढच्यापासून ५ मीटर अंतर. कुसळं मोज्यांत घुसतात, गेटर (बुटावरून पोटरीपर्यंतचं कापडी आवरण) घाला. बुटांचे तळ झिजले असतील त्यांनी चालतच यावं. कळण्याची भाकरी आणि ठेचा उतरल्यावर, आधी नाही!