थरथर नेमकी कोणाच्या मागे जाते? चिंचवडच्या काकांना आभारपत्र

तीर्थस्वरूप काका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

चिंचवडला बसून, केवळ फोनवर ऐकलेल्या वर्णनावरून, आपण ज्या गाडीतील दोषाचा माग काढलात, ती गाडी आता म्युनिकबाहेरच्या ऑटोबानवर ताशी ९५ ते ११५ किलोमीटरच्या पट्ट्यातूनही शांतपणे धावते. आपले आभार मी फोनवर मानलेच आहेत. परंतु आपण मला जी विचार करण्याची रीत शिकवलीत, ती हाताने गिअर टाकायची आणि मागच्या चाकांना जोर देणारी गाडी बाळगणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल, असे मनापासून वाटल्यामुळे हे पत्र सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे.

गाडी बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीतील एम३, म्हणजे ३.२ लिटरचे, ३४३ अश्वशक्तीचे सरळ सहा सिलिंडरचे इंजिन आणि सहा गिअर. एका ओळीतील सहा सिलिंडरची रचना मुळातच इतकी समतोल असते की अशा गाडीत आसनातून आणि गिअरच्या दांड्यातून येणारी थरथर फार खटकते. ती सुरू झाली क्लच बदलल्यानंतर, आणि यायची ती ताशी ९५ ते ११५ च्या पट्ट्यातच. एका कार्यशाळेने चाकांचे बॅलन्सिंग केले, नंतर इंजिनाचे रबरी माउंटिंग बदलले आणि तरीही फरक पडेना तेव्हा दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्यामधली जड चकती, बदलावे लागेल, असे सांगून हजारावर युरोचा अंदाज माझ्या हातात ठेवला. न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना गिअरबॉक्समधून हलकी खडखड येते आणि क्लच दाबला की ती थांबते, हा त्यांचा पुरावा होता.

आपण तो पुरावा नाकारला नाहीत, त्याची जागा मात्र दाखवून दिलीत. त्या फ्लायव्हीलचे दोन भाग असतात व त्यांच्यामध्ये स्प्रिंग असतात; त्या सैल झाल्या तर मंद गतीवर खडखड होईल, इंजिन बंद करताना धक्का बसेल, परंतु फ्लायव्हील इंजिनाला जोडलेले असल्यामुळे त्याचा दोष इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढेल किंवा घटेल, रस्त्यावरच्या वेगाबरोबर नव्हे. मग आपण विचारलेत, "थरथर कोणाच्या मागे जाते? इंजिनाच्या फेऱ्यांच्या, गाडीच्या वेगाच्या की जोराच्या?" तोवर बिले बरीच जमा झाली होती, पण हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.

त्याचे उत्तर कसे काढायचे, हेही आपण पायरीपायरीने सांगितलेत. रात्री रहदारी नसलेला सपाट पट्टा निवडायचा, नोंदी शेजारी बसलेल्याने करायच्या, चालवणाऱ्याने फक्त रस्त्याकडे पाहायचे आणि डॅशबोर्डवरचा काटा सहसा थोडा जास्तच दाखवतो म्हणून वेग फोनच्या जीपीएसवरून घ्यायचा. ताशी १०० च्या वेगाला या गाडीचे इंजिन चौथ्या गिअरमध्ये सुमारे ३७००, पाचव्यात ३००० आणि सहाव्यात २५०० फेऱ्या घेते. तिन्ही गिअरमध्ये थरथर त्याच वेगाला आली आणि तशीच आली. त्यानंतर १२० वरून न्यूट्रल करून गाडी नुसती घरंगळू दिली, तरीही त्याच पट्ट्यात ती पुन्हा आली. शेवटी गाडी उभी करून इंजिन ३००० फेऱ्यांवर धरले, तेव्हा आसन अगदी स्थिर होते. एवढ्यावरून इंजिन, क्लच आणि फ्लायव्हील हे तिघेही संशयितांच्या यादीतून बाहेर गेले. जोर काढून घेतल्यावरही थरथर कमी होत नव्हती, त्यामुळे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरेन्शियलच्या माउंटिंगवरचा संशयही बराच उतरला.

राहिले दोघे, चाके आणि गिअरबॉक्सपासून डिफरेन्शियलपर्यंत जोर नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. येथे आपण जे गणित मांडलेत, ते मी वहीत जपून ठेवले आहे. मागच्या २५५/४० आर १८ टायरचा एका फेरीतला प्रवास साधारण दोन मीटर, म्हणून १०० च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे पावणेचौदा वेळा फिरते. डिफरेन्शियलचे गुणोत्तर ३.६२ असल्यामुळे शाफ्ट त्याच सेकंदात जवळपास ५० वेळा फिरतो. फोन आसनाच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधून, सेकंदाला २०० हून बऱ्याच जास्त नोंदी घेणाऱ्या अॅपवर कंपन मोजले, तर आलेखातले उंच टोक सेकंदाला ५० कंपनांच्या जवळ आले आणि १४ च्या आसपास जवळजवळ काहीच नव्हते. सेकंदाला १०० च नोंदी घेणाऱ्या अॅपवर ५० चा आकडा विश्वासार्ह ठरत नाही, ही आपली सूचना आधी मिळाली नसती तर मोजमाप वाया गेले असते. टोक १०० वर आले असते तर जॉइंटच्या कोनाचा संशय घ्यावा लागला असता, कारण वाकड्या कोनातला क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या जॉइंटमधला अधिक-चिन्हासारखा तुकडा, एका फेरीत दोनदा हिसका देतो. ५० म्हणजे फेरीला एकच धक्का, म्हणजे शाफ्टचा समतोल बिघडलेला.

पडताळा म्हणून आपण चाकांचा दुसरा संच लावून पाहायला सांगितलात. जर्मनीत हिवाळी टायरांचा संच बहुतेकांकडे असतोच, त्यामुळे ही चाचणी फुकटात झाली. थरथरीत काडीचाही फरक पडला नाही.

गाडी लिफ्टवर घेऊन इंजिन चालू करून पाहण्याचा माझा विचार आपण लगेच थांबवलात. चाके खाली लोंबत असताना मागचे कोन बदललेले असतात, त्यामुळे तेथे दिसणारी थरथर रस्त्यावरच्या थरथरीची साक्ष देत नाही, शिवाय फिरत्या शाफ्टजवळ उभे राहणे जिवाशी खेळणे आहे, हे आपण ज्या ठामपणे सांगितलेत त्याबद्दल वेगळे आभार. म्हणून एका दुसऱ्या मेकॅनिककडे गाडी बंद ठेवूनच एक्झॉस्ट आणि त्यावरचा उष्णतारोधक पत्रा उतरवला. शाफ्टला मध्यभागी आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगभोवतीचे रबर एका बाजूने फाटून ओठासारखे उघडले होते. पण खरी गोष्ट त्याच्या पुढेच सापडली. शाफ्टचे दोन तुकडे जिथे दातेरी जोडात एकमेकांत सरकतात, तिथली ग्रीस मिसळलेली काजळी पितळी ब्रशने घासल्यावर दोन्ही तुकड्यांवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका दिसला. ते समोरासमोर हवे होते. एक वर आणि दुसरा जवळजवळ खाली होता. क्लच बदलताना कोणीतरी तुकडे सोडवून हाताला येतील तसे बसवले होते.

त्याचा फोटो पाठवताच आपला फोन आला. ट्रकच्या शाफ्टवर बाण का असतात, एकत्र समतोल साधलेले दोन तुकडे एक-दोन दात सरकवून बसवले तरी तो समतोल कसा जातो आणि वेग दुप्पट झाला की धक्का चौपट कसा होतो, हे आपण पिंपरीतल्या कारखान्यात घालवलेल्या काळाचे दाखले देत समजावलेत. चौपट वाढणारा धक्का ११५ नंतर कमी का वाटावा, ही माझी शंकाही आपण सोडवलीत: फाटक्या रबरावर टेकलेला शाफ्ट त्याच पट्ट्यात स्वतःच्या कंपनसंख्येशी जुळत होता, पुढे ती जुळणी सुटत होती.

जोडणीच्या वेळी आपण व्हिडिओवर सोबत होतात. ठिपके समोरासमोर आणले, सेंटर बेअरिंग नवे घातले आणि त्याचा आधार ४ ते ६ मिलिमीटर पुढे दाबून कसला. गिअरबॉक्सकडच्या रबरी कपलिंगवरचे बाण फ्लँजच्या, म्हणजे ते ज्याला बोल्टने जोडतात त्या धातूच्या तुकड्याच्या, हातांकडे आहेत ना, हे आपण दोनदा विचारलेत. बोल्ट धरून ठेवायचा आणि फक्त नट फिरवायचा, नाहीतर रबर पिळले जाते, हेही बजावलेत. त्या मेकॅनिकला मराठी येत नाही, पण आपले बोट कुठे रोखले आहे हे पाहून तो मान डोलवत होता. आपण न भेटता, न मोबदला घेता, पुण्यातील मध्यरात्र उलटून गेली तरी फोन ठेवला नाहीत, हे मी विसरणार नाही.

न्यूट्रलमधील ती हलकी खडखड अजून आहे. आपल्या सल्ल्याप्रमाणे तिच्याकडे लक्ष ठेवून आहे. इंजिन बंद करताना धक्का जाणवू लागला तरच फ्लायव्हीलचा विचार करीन. काकूंना साष्टांग नमस्कार. कपलिंगचे नट पुन्हा एकदा तपासून त्याचे फोटो येत्या रविवारी पाठवते.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपली कृपाभिलाषी,
म्युनिकची पुतणी