मोबाइल बिलाचा तपशील मागून घ्या

महोदय,

बिल जास्त आले की ग्राहक काउंटरवर वाद घालतो, पण चूक शोधायची ती बिलिंग यंत्रणेत. कॉलची नोंद एक्स्चेंजमध्ये तयार होते, मग तिला प्लॅनप्रमाणे दर लागतो, शेवटी १८ टक्के जीएसटी. प्लॅन बदलल्याची नोंद उशिरा पोचली तर जुनाच दर लागतो. एकच नोंद दोनदा आली आणि गाळली गेली नाही, तर दुहेरी आकारणी होते. नुसती एकूण रक्कम पाहून हे कळत नाही.

‘ट्राय’च्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२च्या नियमांनुसार प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांतील वापराचा तपशील जास्तीत जास्त ५० रुपयांत मिळतो. सांगली-मिरजेतल्या प्रत्येक सेवा केंद्रात हे ठळक अक्षरांत लावलेच पाहिजे! तक्रार नोंदवल्यावर मिळणारा डॉकेट (नोंदणी) क्रमांकही जपून ठेवा, अपिलाला तोच लागतो.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली