दुर्बीण घ्यायची म्हणतोयस तर

मित्रा,

तू पाठवलेली लिंक बघितली. बॉक्सवर केवढ्या मोठ्या अक्षरात ५२५ पट लिहिलंय, पण अरे भिंग फक्त ७० मिलिमीटरचं आहे, आणि साधा हिशोब असा की व्यासाच्या दुप्पट म्हणजे फार तर १४० पटीपर्यंत चित्र नीट दिसतं, त्यापुढे नुसतं मोठं आणि पुसट होत जातं. त्यात तो काडीसारखा ट्रायपॉड, फोकसला हात लावला की गुरू थरथरणार. प्लीज नको घेऊस.

बघायचा तो व्यास, प्रकाश किती गोळा होतो ते त्याच्यावरच आहे. मला विचारशील तर आधी १० बाय ५० चा, म्हणजे १० पट मोठं दाखवणारा आणि ५० मिलिमीटर भिंगांचा, बायनॉक्युलर घे. कृत्तिका त्यात अख्ख्या मावतात रे, आणि इतक्या सुंदर दिसतात की मोठ्या दुर्बिणीतूनही तशी मजा नाही! मृगातला तेजोमेघ, हात भिंतीला टेकवलास तर गुरूचे चंद्र, अंधाऱ्या गावी देवयानी दीर्घिका, जिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. शनीची कडी मात्र नाही दिसणार.

त्यासाठी मग सरळ ८ इंची आरशाची डॉबसोनियन दुर्बीण. जॉन डॉबसन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मठातला संन्यासी, जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून आरसे करायचा आणि प्लायवूडच्या खोक्यावर नळी बसवून रस्त्यावरच्या माणसांना चंद्र दाखवायचा, त्याचंच हे डिझाइन. सगळा पैसा आरशात जातो, स्टँडमध्ये नाही, म्हणून मला ते फार आवडतं. १२०० मिलिमीटरची फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर), तिला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, आकड्याने भागायचं, २५ च्या आयपीसने ४८ पट, १० च्याने १२० पट, एवढ्यात शनी मस्त दिसतो. धूड जड असतं पण, तुझ्याकडे लिफ्ट नाही तेव्हा जिन्याचा विचार कर. आणि लांब एक्स्पोजरचे फोटो यावर विसर, चंद्राचे मोबाईलने येतात.

पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागते, घट्ट डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायचं. आणि मुलांना आधीच सांगून ठेव, पुढच्या तोंडाला सोलर फिल्टर असल्याशिवाय सूर्याकडे चुकूनसुद्धा नाही, डोळा जातो.

पैसे भरण्याआधी एकदा खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेच्या वांगणीच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला जाऊ, डोंबिवलीहून तुला कर्जत लोकल सरळ आहे. तिथे वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावून बघ, मग ठरव. दिवाळीनंतरचा अमावास्येजवळचा शनिवार जमतोय का ते वहिनींना विचारून कळव, माझा बायनॉक्युलर घेऊन येतो.

तुझाच