वाटा पुढं जाऊ दे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या संस्थेच्या प्रशिक्षणात सांगितलेली त्या डॅन वेस्टची गोष्ट मी दोनदा वाचली. स्पेनच्या यादवी युद्धात तो उपाशी लेकरांना कपानं दूध वाटत होता, आणि वाटता वाटताच त्याच्या मनात आलं की यांना कप नको, गायच द्यावी. मग १९४४ साली १७ कालवडी बोटीनं पोर्तो रिकोला गेल्या, आणि त्यातून आजची हेफर इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. ज्या घराला कालवड मिळाली त्यानं तिच्या पोटची पहिली कालवड दुसऱ्या गरजू घराला द्यायची, हा त्यांचा नेम. त्यांच्या बारा तत्त्वांचा कागदही वाचला.

वाचताना बहात्तरचा दुष्काळ डोळ्यांपुढं आला. मी तेव्हा दहा वर्षांची. तुझी आजी खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची. त्या सुकडीनं आम्हाला जगवलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण काम थांबलं तशी सुकडीही थांबली. मग गावातल्या एका मोठ्या घरानं आजीला अर्धलीनं शेळी दिली. काळीभोर, उस्मानाबादी. सांभाळायची आपण, करडं निम्मी त्यांची. ती बहुतेक वेळा जुळी द्यायची, आणि दोन्हींतलं चांगलं करडू ते उचलून न्यायचे. आजी बोलायची नाही, कारण त्याच शेळीच्या दुधावर तुझा मामा वाढला. पण सुगीत त्या घरी फुकटचं काम निघालं तर तिला नाही म्हणता यायचं नाही. वाटे देऊन झाले, शेळी म्हातारी झाली, मिंधेपण काही फिटलं नाही.

म्हणून सांगते, त्या कागदावरचं हे एक तत्त्व काळजावर कोरून ठेव. करडू इथंही द्यायचंच आहे, पण ते मागं देणाऱ्याच्या दावणीला जात नाही, पुढच्या घरी जातं. काल घेणारी बाई आज देणारी होते. संस्थेपुढं तिला मान खाली घालावी लागत नाही.

पशुसखी, म्हणजे गावातल्या जनावरांची देखभाल सांगणारी बाई, झाल्यावर आमच्या गटात मी हाच नेम चालवायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा पाठ, म्हणजे शेळीचं मादी करडू, पुढं द्यायची वेळ आली तो दिवस तुला सांगते. देणारी बाई विधवा, अंगणवाडीमागच्या पत्र्याच्या घरात राहणारी. तिनं सकाळी पाठीला न्हाऊ घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं. आपल्याकडं जनावर विकलं की दावं ठेवून घेतात. हिनं नवं दावं आणलं आणि दाव्यासकट पाठ दुसरीच्या हातात दिली. म्हणाली, ‘ही विकलेली नाही, दिलेली आहे.’ मग दोघींनी एका ताटात भाकरी खाल्ली. त्या दोघी त्याआधी एकमेकींच्या दारात जात नव्हत्या. कुणीतरी मोबाइल काढला तेव्हा मी नको म्हणाले. तूही घेणाऱ्या माणसाला शेळीशेजारी उभं करून फोटो काढू नकोस. त्याची गरिबी हा त्याचा घरातला विषय आहे.

आता माझी चूक सांगते. एका वर्षी मी घाई केली. यादी पूर्ण करायची होती. दसऱ्याच्या तोंडावर एका ऊसतोडीच्या घराला दोन शेळ्या दिल्या. दिवाळी झाली, कोयता निघाला, नवराबायको कारखान्यावर गेली. मागं राहिली डोळ्यांनी अधू सासू. तिनं जमेल तसं केलं, बांधावरून बाभळीच्या शेंगा वेचून आणल्या. एक शेळी गाभडली, दुसरी पौषात गेली. त्या म्हातारीनं माझे हात धरून माफी मागितली. माफी मी मागायला हवी होती. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिवाळीनंतर कुठं असता? घरी कोण असतं, चारायला कोण नेतं, उन्हाळ्यात पाणी कुठून आणता, हे सगळं शेळीच्या आधी. तिच्या अंगणात बसून विचार, कार्यालयात बोलावून नको. आणि ती नको म्हणाली तर ते ऐक. कुणाला कोंबड्या हव्या असतात, कुणाला नुसतं शिलाई मशीन.

बाकीचं सगळं ते करडू जगावं म्हणून आहे. बाजारातून आणलेली शेळी लगेच दुसऱ्यांत सोडू द्यायची नाही, तीन आठवडे वेगळी बांधायची. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या साथीच्या तापाची लस चुकवायची नाही, आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची पावसाळ्याआधी दरसाल. करडू जन्मलं की नाळ दोऱ्यानं बांधून, कापून टिंक्चर आयोडीन लावायचं आणि तासाभरात चीक पाजायचा. चीक चांगला नसतो म्हणून पिळून टाकणारी घरं अजून आहेत. त्यांना रागावू नकोस, शेजारी बसून स्वतः पाजून दाखव. बोकड दोन वर्षांनी बदलायचा, नाहीतर त्याच्याच लेकींना तो लागतो आणि पुढची करडं खुरटी निघतात.

शेळी बाईच्या नावावर असली तरी बाजारात नेतो नवरा, आणि व्यापारी दोन्ही हातांनी उचलून अंदाजानं भाव सांगतो. आम्ही लिंबाच्या फांदीला वजनकाटा टांगला. विकायच्या आधी बाई स्वतः वजन करते, तिला आकडा माहीत असतो. घरातलं बोलणं त्या आकड्यानं किती बदललं, ते मी पाहिलंय. तुझ्या संस्थेला सांग, औषधांच्या पेटीत एक काटा ठेवा.

आपली काळी शेळी या आठवड्यात व्यायला झाली आहे. कास भरली, काल रात्री दोनदा उठून पाहिलं. पाठ झाली तर ती कुणाला द्यावी हे माझ्या मनात आहे. नदीकाठच्या वस्तीवरची ती, जिचा नवरा मागच्या साली गेला. तिला अजून विचारलं नाही. परवा सकाळची कामं उरकून तिच्या अंगणात जाऊन बसणार आहे.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
आई